ओळखीच्या बंदर-शहरात क्रूझआधी जादा दिवस काढावेत का?

शहर आधीच पाहून झालंय, मग क्रूझच्या दोन-तीन दिवस आधी जाऊन करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर जरूर जा. विमान रखडलं किंवा बॅग मागे राहिली, तर हेच दिवस हाताशी असतात. उशिरा येणाऱ्यासाठी जहाज सहसा थांबत नाही आणि चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं.

आणि ओळखीच्या शहराची खरी मजा दुसऱ्या फेरीतच येते. बघायच्या ठिकाणांची यादी उरकायची घाई नसते. एक अख्खी सकाळ बंदरावर घालवा: टगबोटी अवजड जहाजाला हळूहळू वळवतात, पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा जाणकार, छोट्या बोटीतून येऊन दोरशिडीने चालत्या जहाजावर चढतो. हे बघताना वेळ कसा जातो कळत नाही! साधी फेरीबोट असेल तर तीही घ्या, पाण्यावरून तेच शहर निराळं दिसतं.

शेवटची रात्र मात्र टर्मिनलजवळ काढा. मोठ्या बंदरांत टर्मिनलं अनेक असतात, तेव्हा बोर्डिंग पासवरचं नाव नीट वाचा. व्हिसात हे जादा दिवस धरलेत ना, तेवढं तपासा. जहाज देशाबाहेर जाऊन परतणार असेल तर सहसा मल्टिपल एंट्री, म्हणजे एकाहून जास्त वेळा देशात येऊ देणारा व्हिसा, लागते.