‘पेपर दोनच आहेत, अर्ज करू का?’

संशोधक मुलामुलींना मी करिअरविषयी सल्ला देते. एक शंका माझ्याकडे फिरून फिरून येते: विद्यापीठ साधं, पेपर म्हणजे छापून आलेले शोधनिबंध मोजके, इंग्रजी बेताचं, मग परदेशातल्या मोठ्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, फेलोशिपच्या वाटेला जावं तरी कशाला? एका विद्यार्थिनीच्या निमित्तानं त्याबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी सांगलीकडची. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून क्षारपड झालेल्या जमिनीतल्या जिवाणूंवर तिची पीएचडी. चेकियातल्या, म्हणजे चेक प्रजासत्ताकातल्या, एका प्रयोगशाळेची तिला घ्यायची तयारी होती, आणि अर्ज करायचा होता २०२४ च्या मारी क्युरी फेलोशिपसाठी. युरोपीय संघाच्या या योजनेच्या त्या फेरीत पीएचडी पूर्ण झालेली हवी होती, त्यानंतर आठ वर्षांहून जास्त संशोधन झालेलं चालत नव्हतं, आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक मुक्काम चालत नव्हता. विद्यापीठ कोणतं, पेपर किती, याची अटच नाही.

“अट नसली तरी बघतातच ना, मॅडम?”

बघतात. खोटा धीर कशाला द्यायचा? पण संशोधकाचा अनुभव ही गुण देताना बघायच्या अनेक बाबींपैकी एक असते. शंभरातले पन्नास गुण संशोधनाच्या उत्कृष्टतेला. त्यात प्रश्न, पद्धत, मार्गदर्शन आणि संशोधक हे सगळं आलं. तीस गुण परिणामाला, वीस अंमलबजावणीला. हे सगळं मांडायला जागा दहा पानांची.

तिच्या मसुद्यातली सुरुवातीची पानं जगाची लोकसंख्या, हवामान बदल आणि अन्नसुरक्षा यांनी भरलेली होती. तिचा स्वतःचा प्रश्न उगवला चौथ्या पानावर. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मसुदा हातात आला की मी आधी चौथं पानच उघडते. आपलं विद्यापीठ लहान वाटलं की माणूस विषय मोठा करून सांगायला लागतो.

मी मसुदा बाजूला ठेवला आणि विचारलं, “पीएचडीत तुला सगळ्यात जास्त छळलं कशानं?”

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, तिचे जिवाणू कुंडीतल्या उसाला खारटपणा सोसायला मदत करायचे, पण शिरोळच्या शेतात सोडले की काही आठवड्यांत दिसेनासे व्हायचे. शेतातला तो प्रयोग फसला म्हणून प्रबंधात त्याला एका परिच्छेदात गुंडाळलं होतं आणि अर्जात त्याचा उल्लेखही नव्हता. कुंडीत जमतं ते शेतात का टिकत नाही, हा प्रश्न या विषयातल्या भल्याभल्यांना सुटलेला नाही. तिच्याकडे तर तीन हंगामांचे नमुने होते, चिखलात उतरून स्वतः घेतलेले. आणि मुळांतून काय पाझरतं हे मोजायची सोय त्या चेक प्रयोगशाळेत होती. हेच संशोधन का, हिनंच का, तिथेच का, या तिन्हींचं उत्तर तिच्या फसलेल्या प्रयोगात होतं. तो पहिल्या पानावर आला.

पुढची अडचण स्वभावाची. सगळीकडे ‘नमुने घेण्यात आले’, ‘विश्लेषण करण्यात आले’. घेतले कुणी? “मीच. पण सर काय म्हणतील?” सरांचं श्रेय कुठेही कमी होत नव्हतं. आपल्याकडे स्वतःविषयी बोलणं म्हणजे बढाई, असं लहानपणापासून मनात बसलेलं असतं. मी तिला सांगितलं, विशेषणं सगळी काढ, क्रियापदं ठेव: कोणती पद्धत तू बसवलीस, कुणाला शिकवलीस, कोणत्या शेतकऱ्यांना तयार केलंस. इंग्रजीची भीतीही इथेच निम्मी झाली, कारण अशी वाक्यं आखूडच होतात. अर्ज वाचणाऱ्यांतही पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नसते.

अंमलबजावणीचा भाग लोक शेवटच्या रात्री उरकतात, आणि तो वाचताना कळतंच. जोखमीच्या तक्त्यात तिनं ‘उपकरण बिघडणे’ लिहिलं होतं. खरी जोखीम वेगळीच होती. भारतातली माती युरोपीय संघात न्यायला एरवी बंदी आहे. संशोधनासाठी खास परवाना काढावा लागतो. भारतातले जिवाणू परदेशी द्यायचे तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी बघावी लागते. परवाने लांबले तर काय करायचं, तर नमुन्यांतला डीएनए इथेच वाचून घ्यायचा आणि पहिले महिने त्या माहितीवर काम करायचं. असा तक्ता वाचला की हिनं काम मनात एकदा करून पाहिलं आहे हे समोरच्याला पटतं.

अर्जात एक चौकट होती, ईआरए फेलोशिपची. चेकिया, पोलंड, पोर्तुगाल अशा ठरावीक देशांत जाणाऱ्यांनी ती निवडली, तर मुख्य यादीत नंबर न लागल्यास तोच अर्ज तिकडे विचारात घेतात. कुणीतरी तिला सांगितलं होतं की ती निवडली की मुख्य अर्ज कमकुवत दिसतो. तसं काही नसतं. निवडायला लावली.

मुदत ११ सप्टेंबरची होती. त्या फेरीत १०,३६० अर्ज आले आणि १,६९६ जणांची निवड झाली. ती त्यांत नव्हती, ईआरएच्या यादीतही नव्हती. गुण मात्र पंच्याऐंशीच्या वर होते, म्हणून ‘सील ऑफ एक्सलन्स’ हे प्रमाणपत्र मिळालं. काही देशांत त्याच्या आधारे दुसरा निधी मागता येतो. पहिला आठवडा तिनं फोन उचलला नाही, तेही रास्तच.

नंतर ती अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञांचा अहवाल घेऊन आली. विद्यापीठाबद्दल किंवा पेपरांच्या संख्येबद्दल त्यात एक शब्द नव्हता. त्रुटी म्हणून लिहिलं होतं की संशोधक त्या प्रयोगशाळेकडून काय शिकेल ते स्पष्ट आहे, प्रयोगशाळेला काय देईल ते नाही.

“मी त्यांना काय शिकवणार, मॅडम?”

“पाणी साचलेल्या काळ्या जमिनीतून मूळ न तोडता नमुना कसा काढतात, ते त्यांच्याकडे कुणाला येतं?”

“नाही येत. मागच्या कॉलवर तेच विचारत होते.”

“मग पुढच्या अर्जात तेच लिही. आज अर्धं पान लिहून पाठव, दहा पानांत कुठे बसतं ते उद्या बघू.”