क्लासला एकटी जाऊ नकोस

प्रश्न: ताई, मला 29वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. बाळंतपणाचा क्लास लावायचाय पण घरात कोणालाच पटत नाहीये. सासूबाई म्हणतात आम्ही काय क्लास करून बाळंत झालो का, नवरा म्हणतो यूट्यूबवर सगळं आहे, आणि आता मलाही वाटायला लागलंय की श्वास घ्यायला शिकायला क्लास कशाला. खरंच उपयोग होतो का?

उत्तर: सासूबाईंचं खोटं नाहीये गं. पण त्यांना जरा विचारून बघ, तेव्हा जवळ कोण होतं म्हणून. बहुतेक वेळा चार बाळंतपणं डोळ्यांनी बघितलेली एखादी बाई निघते. आपल्यापैकी कितीजणींनी स्वतःच्या आधी दुसरीचं बाळंतपण बघितलेलं असतं? क्लास लागतो तो त्यासाठी.

श्वासाचं म्हणशील तर ते फ्रेंच डॉक्टर फर्नांड लमाझ यांच्यापासून गाजलं, ते 1951 मधे सोव्हिएत रशियात जाऊन तिकडची पद्धत बघून आले होते. त्यांच्याही आधी ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड सांगत होते की भीती वाटली की अंग आखडतं, अंग आखडलं की दुखतं, दुखलं की भीती अजून वाढते. म्हणजे श्वास हा भीतीची ही साखळी तोडायचा एक मार्ग झाला, तेवढ्यासाठीच क्लास नसतो. मी शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी एक बंद गळ्याचा स्वेटर आणि एक बाहुली घेऊन बसते. बाहुलीचं डोकं आतून हळूहळू गळ्यात ढकलायचं, आधी गळ्याची ती जाड पट्टी ताणून पातळ होते, मग तोंड उघडायला लागतं, आणि मग एकदम डोकं बाहेर. पिशवीच्या तोंडाचं असंच होतं, आधी पातळ होणार मग 10 सेंटीमीटर उघडणार. हे हाताने करून बघितलेल्या मुली तपासणीत "अजून 3च" ऐकून रडत नाहीत, कारण त्यांना माहिती असतं की पातळ होण्याचं अर्धं काम तोपर्यंत झालेलं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मधे सांगितलंय की कळांचा जोराचा टप्पा 5 सेंटीमीटरनंतर धरायचा, त्याच्या आधीचा वेळ प्रत्येकीचा वेगळा, आणि पुढेही तासाला 1 सेंटीमीटर झालंच पाहिजे असा हिशोब सगळ्यांना लावायचा नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते, "आमचा क्लास केला की नॉर्मलच होणार" असं कोणी म्हणत असेल तर तिथे जाऊ नकोस. ती गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही आणि मग सीझर झालं की बाई स्वतःलाच दोष देत बसते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की मला आता संताप येतो. ज्याचा फायदा खरंच दिसलाय ती गोष्ट म्हणजे सोबत. 2017 मधे 26 अभ्यास एकत्र करून बघितले, 15,000 च्या वर बायका होत्या त्यात, आणि कळा चालू असताना कोणीतरी सतत जवळ असलं तर नॉर्मलचं प्रमाण जास्त, सीझर कमी आणि वेळही थोडा कमी लागतो असं निघालं. म्हणून माझं म्हणणं, क्लास लावच, पण जो कोणी त्या दिवशी तुझ्याजवळ असणार आहे त्याला घेऊन जा. व्हिडिओ बघून माहिती होते, पण कमरेवर किती जोरात दाबायचं हे व्हिडिओला विचारता येत नाही. आत्ताच चालू कर म्हणजे 36व्या आठवड्याच्या आत संपेल.

प्रश्न: बायको मला क्लासला चल म्हणतेय. खरं सांगतो, मला रक्त बघून गरगरतं. लेबर रूममधे मी उगाच मधे मधे होईन असं वाटतं, डॉक्टर नर्स असतातच ना. मी नेमकं काय करायचं?

उत्तर: दादा, डॉक्टर नर्स असतात पण त्यांच्याकडे इतरही पेशंट असतात, तिच्या उशाशी पूर्ण वेळ बसणारा माणूस तुम्हीच. आणि उशाशीच बसायचंय, तिकडून रक्त फारसं दिसतही नाही.

आज घरी एक करा. दोघांनी हातात एकेक बर्फाचा खडा धरायचा, घड्याळ लावून 1 मिनिट. पहिल्यांदा काही न बोलता, दुसऱ्यांदा तिने खडा धरायचा आणि तुम्ही तिच्याकडे बघून हळू आवाजात "अर्धं झालं, आता 30 सेकंद" असं सांगायचं. फरक तीच सांगेल. कळ पण साधारण 1 मिनिटाचीच असते आणि मधे विसावा असतो, तो विसावा तिला मिळू द्यायचा, त्यात प्रश्न विचारायचे नाहीत. कमरेतून कळा येत असतील तर माकडहाडाच्या जरा वर तळहात ठेवून कळ असेपर्यंत दाबायचं. आमच्या क्लासमधे सगळे नवरे आधी घाबरत घाबरत हात ठेवतात आणि सगळ्या बायका एकच म्हणतात, अजून जोरात. पाण्याचे घोट देणं, कूस बदलायला किंवा उभं राहायला मदत करणं, डॉक्टर काय म्हणाले ते तिला परत नीट सांगणं, हे सगळं तुमचं. "रिलॅक्स हो" म्हणू नका, त्याने कोणी रिलॅक्स होत नाही, खांदे हलके दाबा, ते आपोआप खाली येतात.

निघायचं कधी हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा. पहिल्या वेळी बऱ्याचदा 5-5 मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ 1 मिनिटाची आणि असं 1 तासभर, असा अंदाज सांगतात. पण पाणी गेलं, रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा 37 आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर मोजत बसायचं नाही, लगेच फोन करून निघायचं. पाणी हिरवट दिसलं तर ते आवर्जून सांगायचं. आणि गरगरायला लागलं तर सरळ खाली बसा, नर्सला सांगा, त्यात लाज कसली.

प्रश्न: माझं सीझर आधीच ठरलंय, मग क्लासचा काय फायदा?

उत्तर: कळांचा भाग सोडला तर बाकी सगळा आहे. बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देतात, तू जागी असतेस, दुखत नाही पण ओढल्यासारखं जाणवतं, हे आधी माहिती असलेलं बरं. तुम्ही दोघं ठीक असाल तर तिथेच बाळ छातीवर घेता येतं, त्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेव. दूध पाजताना टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला काखेखाली, पाय मागे करून धरायचं, ते क्लासमधे बाहुलीवर शिकून घे.

प्रश्न: लेक मला तिच्याबरोबर क्लासला ये म्हणतेय. मी तीन मुलं वाढवली, आता या वयात मी काय शिकणार?

उत्तर: आजी, तुम्ही तर नक्की जा. तुमच्या हाताची सवय लेकीला अजून दहा वर्षं येणार नाही, पण काही गोष्टी मधल्या काळात बदलल्यात. बाळाला पालथं झोपवायचं असं एकेकाळी डॉक्टरच सांगायचे, 1990 च्या आसपासपासून पाठीवरच झोपवायला सांगायला लागले आणि बऱ्याच देशांत झोपेतच बाळ दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. गादी घट्ट, उशी नको, जवळ मऊ खेळणी नकोत. पहिला घट्ट पिवळसर चीक टाकायचा नाही, शक्यतो पहिल्या तासातच पाजायचं. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा दूध मागणं नॉर्मल आहे, त्यावरून दूध पुरत नाही असं लेकीला म्हणू नका, लंगोट मोजा, पाचव्या दिवसानंतर 24 तासांत 6 तरी ओले होत असतील तर बहुतेक पोट भरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत परत येतं.

आणि लेकीकडे लक्ष ठेवा. तिसऱ्या चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि जातं. दोन आठवडे झाले तरी ती उदासच असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणू नका, तेव्हाही होतं, कोणी विचारत नव्हतं. आता त्यासाठी डॉक्टरांकडे 10 प्रश्नांची साधी यादी असते, 1987 पासून वापरात आहे, आणि उपचारांनी बरं वाटतं. तिने स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याची भाषा केली तर त्याच दिवशी घेऊन जा, बाळाला दुसऱ्या कोणाकडे द्या आणि तुम्ही तिच्याबरोबर बसा.