वर्षश्राद्धाला बसू का, असं विचारलंस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. अशा गोष्टीला मोबाइलवर उत्तर देववेना, म्हणून कागद घेऊन बसलो.

पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध. आईने गुरुजी ठरवले आहेत, तुला रजा टाकायला सांगितलं आहे. तुझा आता देवावर विश्वास राहिलेला नाही, पिंडाचं अन्न बाबांना पोचतं हे तर मुळीच पटत नाही. बसलो तर ढोंग, नाही बसलो तर आईच्या जिवाला घोर. आणि मेसेजच्या अगदी शेवटी, जणू जाता जाता लिहिलेली गोष्ट: बाबा ज्या डब्यातून टाळ घेऊन जायचे त्याच डब्यात परवा चढलास, भजन सुरू झालं आणि तुला रडू आवरेना. ‘मग मी नास्तिक तरी खरा आहे का, सर?’

आधी त्या रडण्याचंच बोलतो, कारण तुला तेच जास्त सलतंय असं वाटतं. वीस-बावीस वर्षं तुझे बाबा सकाळच्या लोकलमध्ये त्या मंडळींबरोबर उभे राहून गायले. टाळांच्या त्या आवाजात त्यांचा आवाज आहे. तो ऐकून मुलाचे डोळे भरले, तर त्यातून देव आहे असंही सिद्ध होत नाही आणि तू ढोंगी आहेस असंही नाही. एवढ्यावरून स्वतःची झडती घेऊ नकोस.

आता माझी गोष्ट. ही मी फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

१९८८ साली माझे वडील गेले. मी तेव्हा विज्ञान शिकवायला लागून सात-आठ वर्षं झाली होती आणि मला काहीच पटत नव्हतं. दहाव्याला आम्ही वाळकेश्वरला, बाणगंगेवर गेलो. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि कुंडातलं पाणी गोडं; रामाने बाण मारून काढलं म्हणतात, मी झऱ्याचं म्हणतो. गुरुजींनी पिंड केले, वर दही घातलं, पत्रावळ कठड्यावर ठेवली. आम्ही मागे सरकून उभे राहिलो. कावळे होते, चांगले आठ-दहा. एक तर पिंडापासून हातभर अंतरावर येऊन बसला. मान वाकडी करून बघायचा, शिवायचा नाही. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. मग सुरू झालं. काका म्हणाले, गावच्या घराचं सांग. आत्याचे यजमान म्हणाले, विडी ठेवा, त्यांना विडी लागायची. मला कारण ठाऊक होतं: तिथे रोज सकाळपासून पिंड पडतात, त्या कावळ्यांची पोटं भरलेली होती. गुरुजींना पुढचं काम होतं, त्यांनी दर्भ हातात घेतला. कावळा शिवलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

आणि तेवढ्यात मी मोठ्याने बोललो. ‘बाबा, आईला गावी एकटी पाठवणार नाही. माझ्याकडेच ठेवीन.’

कावळा तरी आला नाही. दर्भाचाच लावला, आंघोळी केल्या, घरी आलो. आई घाटावर नव्हती. पण संध्याकाळच्या आत काकांनी तिला सांगितलं होतं. ती माझ्याशी त्यावर एक अक्षर बोलली नाही. फक्त गावी न्यायला बांधलेलं गाठोडं सोडून दोन लुगडी परत फडताळात ठेवली. पुढची १७ वर्षं आई आमच्या दोन खोल्यांत राहिली. सोपं नव्हतं. कित्येकदा जागेवरून, पैशावरून माझं मन डगमगलं, आणि प्रत्येक वेळी तो कठडा डोळ्यांसमोर आला. दहा-बारा माणसांसमोर शब्द दिला होता.

वडिलांनी ते ऐकलं, असं मी आजही म्हणणार नाही. पण घरात बसून ते वाक्य माझ्या तोंडून कधीच निघालं नसतं. त्या घाटानेच ते काढून घेतलं. तुझ्या प्रश्नाकडे मी इथूनच बघतो. विधी खरा की खोटा याचा निकाल लावण्याआधी, त्या ठिकाणी तू खरं काय बोलू शकतोस, ते शोध.

आणि शंका लपवू नकोस. हे मी तुला आग्रहाने सांगतोय. गिरगावात ‘प्रार्थना समाज’ हा थांबा तू शंभरदा ओलांडला असशील. त्या नावामागे दोन भाऊ आहेत. थोरले दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणाचे कर्ते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८४९ साली याच मुंबईत परमहंस सभा काढली. जात मोडायची, मूर्तिपूजा मोडायची, पण गुपचूप. आत यायचं तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, आणि बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. दिवसा घरी सोवळं, रात्री सभेत पाव. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, नावं फुटणार म्हणून लोक घाबरले आणि सभा मोडली. धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग. १८६७ साली त्यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला; पुढे न्यायमूर्ती रानडे, भांडारकर त्यात आले. मूर्ती त्यांनीही सोडली, पण प्रार्थना सोडली नाही, संतांचे अभंग सोडले नाहीत. काय मानतो आणि काय मानत नाही, हे उजेडात सांगितलं. थोरल्यांचं धैर्य कमी होतं असं मी म्हणत नाही, त्या काळी वाळीत पडणं म्हणजे जगण्याचे सगळे दोर कापणं होतं. पण लपवलेल्या शंकेने शेवटी माणसांना एकमेकांपासूनच घाबरायला लावलं, हे मात्र दिसतं.

तुला तर वाळीत टाकणारं कुणी नाही. शाळेच्या प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला तू वाचलं आहेस: विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य. एका ओळीत विचारही आहे आणि श्रद्धाही. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला आणि वैज्ञानिक दृष्टी बाळगण्याचं कर्तव्यही त्याच दुरुस्तीने. त्या स्वातंत्र्यात तुझी आई बसते आणि तूही बसतोस.

मात्र खरं बोलणं कुणापुढे आणि कोणत्या आवाजात, हे मी फार महागात शिकलो. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो म्हणून सगळी मुंबई देवळांपुढे उभी होती. मी वर्गात एका मुलाने केलेला शाडूचा हत्ती टेबलावर ठेवला, दुधात लाल शाई कालवली आणि चमचा सोंडेला टेकवला. दूध चढल्यासारखं दिसलं, चमचा रिकामा झाला. पण शाईमुळे वाट दिसली: पातळ लाल ओघळ सोंडेवरून पोटावर, पोटावरून टेबलावर. पृष्ठताण मुलांना त्या दिवशी जसा कळला, तसा फळ्यावर कधी कळला नसता. तेवढ्यात दारात शाळेतल्या मावशी दिसल्या, हातात स्टीलचा पेला. मी म्हणालो, ‘या मावशी, आमचा हत्तीही पितो बघा.’ पन्नास मुलं खो-खो हसली. मावशींनी पेल्यावर पदर धरला आणि त्या निघून गेल्या.

नंतर कळलं, त्यांचा मुलगा शिवडीला टीबी हॉस्पिटलात होता. पहाटेपासून रांगेत उभं राहून, देवाला दूध पाजून त्या आल्या होत्या आणि पेल्यात उरलेलं मुलाकडे न्यायचं होतं. माझा प्रयोग चोख होता, आजही तस्साच करीन. पण त्या दारात उभ्या असताना मी आधी विचारायला हवं होतं, ‘मावशी, काय मागितलंत?’ पुढे माहीमच्या चर्चबाहेर बुधवारी मेणाचे हात, पाय, छोटी घरं विकायला मांडलेली पाहिली, की मला तो पेला आठवतो. कुणाचं कुठे दुखतंय ते तिथे उघड मांडलेलं असतं.

तेव्हा आईशी बोल. गुरुजींसमोर नको, पाहुणे जमल्यावर तर नकोच. रात्री जेवणं झाल्यावर, ती भाजी निवडत बसते तेव्हा. ‘मला हे पटत नाही, आई, पण बाबांसाठी आणि तुझ्यासाठी मी बसेन’ असं मनापासून म्हणता आलं, तर बस. मग ते ढोंग नाही, कारण जिच्यासाठी बसतोस तिला खरं ठाऊक आहे. मंत्र म्हणवत नसतील तर गुरुजींना तसं सांग, आणि तीळपाणी सोडताना बाबांची आठवण काढ. आणि बसवतच नसेल, तर तेही सांग. त्या दिवशी दुसरीकडे पळ मात्र काढू नकोस. घरात राहा, पाणी भर, पानं वाढ, आलेल्यांना बाबांबद्दल विचार.

एका ठिकाणी मात्र पाय रोवून उभा राहा. वर्षाच्या आत कुणी ना कुणी येऊन आईला सांगेल, पितृदोष आहे, अमुक शांत करा, इतके हजार लागतील, नाहीतर मुलाचं लग्न जमणार नाही. तिथे ‘आईच्या समाधानासाठी’ म्हणून गप्प बसायचं नाही. दुःखाला आधार देणारा विधी वेगळा आणि भीती घालून पैसे काढणारा वेगळा. डॉ. नरेंद्र दाभोलकर जन्मभर हेच सांगत राहिले, की विरोध देवाधर्माला नाही, लुबाडणुकीला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले, तो त्यांच्या मृत्यूनंतर झाला. तुझ्या घरात त्या कायद्याची वेळ येऊ देऊ नकोस, आधीच नाही म्हण.

पुढे कधी तुझी श्रद्धा परत येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. माझी आली नाही. आईची जायच्या दिवसापर्यंत हलली नाही, आणि आम्ही १७ वर्षं एका ओट्यावर चहा केला. एवढं मात्र मनात ठेव, की ज्यांच्या नावाने तुझे बाबा टाळ वाजवायचे त्या तुकोबांनीही एकदा माझ्या लेखी देव मेला असं म्हणून टाकलं होतं, आणि तेही वारकऱ्यांनी जपून ठेवलं आहे. तू आज जिथे उभा आहेस तिथून ही मंडळी फार लांब नाहीत.

तुला सोबत हवी असेल तर त्या दिवशी मी येईन. पिंडापाशी नाही बसणार, दाराशी बसेन.

आणि एक. शाळेत असताना डब्यात अळूवडी असली की तू म्हणायचास, बाबांनी एक काढून घेतली. आईला विचार, त्या दिवशी पानात अळूवडी आहे ना. नसली तर दादरहून अळू मी आणतो.

तुझा,
सर