कर्जाआधी गाइड शोध

एमएस्सी मायक्रो झालंय, दोन वर्षं भोसरीतल्या लॅबमध्ये सांडपाण्याचे नमुने तपासते आहेस आणि आता इथे कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनला येऊन पेट्रोलियम मायक्रोबायोलॉजीत मास्टर्स करायचंय, असं तू लिहिलंस. बाबा कोथरूडचा फ्लॅट गहाण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत, ते काढू द्यावं का, हा तुझा खरा प्रश्न.

फ्लॅट गहाण ठेवू नकोस. इथे मास्टर्स दोन तऱ्हेचं असतं. एकात नुसते कोर्सेस, खर्च सगळा आपला. दुसऱ्यात प्रबंध असतो, आणि विद्यावेतन बहुतेक वेळा गाइडच्या प्रकल्पातून मिळतं. संशोधन करायचं असेल तर दुसरंच घे. त्यासाठी गाइडचा होकार आधी लागतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका एजंटाने माझा अर्ज परस्पर कोर्सवाल्या शाखेत टाकला आणि माझं वर्ष गेलं. म्हणून तू गाइडना स्वतः लिही, तेही त्यांचे दोन-तीन पेपर नीट वाचून. होकार आला की सरळ विचार, फी भरून महिन्याला हातात किती उरतील आणि किती वर्षं मिळतील? संकोच करू नकोस, हा प्रश्न इथे कुणाला उद्धट वाटत नाही.

आता काम. उत्तर अल्बर्टात वाळूत मुरलेलं डांबरासारखं बिट्युमेन गरम पाण्याने सोडवतात. उरलेलं पाणी, चिकणमाती आणि थोडं तेल प्रचंड तलावांत साठतं. माती इतकी बारीक, की ती बसायला दशकं लागतात. बिट्युमेन पातळ करायला नॅफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं हलकं तेल, वापरतात, त्यातला थोडा तलावात जातो, आणि गाळातले जिवाणू ऑक्सिजनशिवाय त्याच्यावर जगतात. काही जण त्यातली अल्केन्स, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या साध्या साखळ्या, मोडून ॲसिटेट आणि हायड्रोजन करतात, आणि आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव, त्यापासून मिथेन. माझ्या आजोळी शिरूरजवळ गोबरगॅसची टाकी होती. तिथे गॅस करणारेही याच गोतावळ्यातले! तलावाच्या गाळातून बुडबुडे येताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ती टाकीच आठवली. 2008 मध्ये अशाच एका तलावावर उतरलेली सोळाशेच्या आसपास बदकं तेलात माखून मेली. हे पाणी कधीतरी नदीत सोडण्याजोगं व्हायला हवं, म्हणून मी या कामाला चिकटून आहे.

अडचण आहे ती नॅफ्थेनिक आम्लांची. बिट्युमेनमधून पाण्यात उतरणारी ही आम्लं माशांना घातक असतात, सावकाश मोडतात, आणि त्यांत हजारो वेगवेगळे रेणू असतात. जिवाणूंनी त्यातलं नेमकं काय खाल्लं, हे मास स्पेक्ट्रोमीटरशिवाय, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्राशिवाय, कळत नाही. त्यामुळे निम्मा दिवस रसायनशास्त्रातच जातो. नुसतं मायक्रो येत असेल तर इथे पहिलं वर्ष फार जड जातं.

म्हणून निघायच्या आधी पुण्यातच हात बसव. आघारकर संस्थेत ऑक्सिजन न चालणाऱ्या जिवाणूंवर काम होतं, पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. कुठेही प्रकल्प सहायक म्हणून सहा महिने मिळाले तरी घे आणि जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, बसायला माग. ब्यूटाइल रबरचं बूच लावून बाटलीतला ऑक्सिजन घालवणं, ऑक्सिजन उरलाय का हे दाखवणाऱ्या रेझाझुरिन या रंगद्रव्याचा गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत थांबणं, हे वाचून येत नाही. सुरुवात मुठेच्या काठच्या काळ्या गाळापासून कर. तो काळेपणा बहुतांशी आयर्न सल्फाइडचा, म्हणजे सल्फेट वापरून सल्फाइड करणाऱ्या जिवाणूंची करणी. तेलविहिरीत समुद्राचं पाणी सोडलं की तिथे हेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू करून तेल खराब करतात. त्यांना रोखायला पाण्यात नायट्रेट घालतात. मुठेच्या गाळावर हीच नायट्रेटची चाचणी करून बघ. गाइडला लिहायला हाताशी काहीतरी असेल.

आणखी एक, हे अगदी विसरू नकोस. तलावाचा गाळ भरून ठेवलेल्या अशा बंद बाटल्यांत मिथेन दिसायला कधी महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. तुझ्याकडे दोन-तीन वर्षंच असतील. तेव्हा त्या लॅबमध्ये आधीपासून चालू असलेल्या बाटल्या आहेत का, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचार.

थंडीचं मनावर घेऊ नकोस. उणे तीसमध्येही बस चालते, जाड कोट इथेच घे. पत्राचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखव.