पोर्तुगिजांचा समुद्रावरचा दरारा कशामुळे ओसरला?

वसई पडली आणि पोर्तुगीज संपले, असं आमच्या रेवदंड्याकडे सर्रास सांगतात. पण उतरती कळा त्याच्या शंभर वर्षं आधीच लागली होती. सोळाव्या शतकात इथल्या समुद्रात पोर्तुगीज परवाना, म्हणजे कार्ताझ, नसेल तर गलबत सरळ जप्त व्हायचं. पण देश लहान, माणसं थोडी आणि ठाणी आफ्रिकेपासून मकावपर्यंत. १५८० मध्ये गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि स्पेनचे शत्रू डचही मागे लागले. १६२२ ला होर्मुझ इराणी आणि इंग्रजांनी घेतलं, मग डचांनी १६४१ ला मलाक्का, १६५६ ला कोलंबो, १६६३ ला कोची. मसाल्याचा व्यापार हातचा गेल्यावर किल्ल्यांना पैसा कुठून येणार? माझ्या मते खरं कारण हेच. म्हणून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला (त्या विजयाचं मोल याने तसूभरही कमी होत नाही) तेव्हा गोव्याहून पुरेशी कुमक आलीच नाही. पुढच्याच वर्षी चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आलं.

खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगिजांच्या भाषेतून घडलेली बोली बोलतात. बाजारात भाजी विकणाऱ्या तिथल्या बायका आपसात तीच बोलतात, आणि गिऱ्हाईक आलं की मराठीत भाव सांगतात.