वाचक विचारतात: माणशी तीन लिटर पाणी आणि गावाचं दार

मागच्या अंकात कुमारवयीन वाचकांसाठीच्या कादंबरीविषयी प्रश्न मागवले होते. इंदूरहून आलेल्या पत्रांत एक कथाबीज वारंवार दिसलं: सगळ्यांना सामावून घेणारी आदर्श वस्ती आणि तिच्यातली हळूहळू आटत जाणारी करुणा. त्यातले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: मी 12 ते 16 वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहिते आहे. घरदार सुटलेल्या लोकांनी वसवलेलं गाव, येईल त्याला आसरा देणारं. नवव्या प्रकरणात तेच गाव कुंपण घालायला निघतं. नातीला वाचायला दिलं तर म्हणाली, "आजी, हे सगळे एकदम वाईट कसे झाले?" कुठे चुकतंय? (सुदामानगर)

उत्तर: नातीने नेमकं बोट ठेवलं आहे. लेखकाला कुंपण आधीपासून दिसत असतं, त्यामुळे तो घाई करतो. आठ प्रकरणं गावाचं कौतुक, मग एक दुष्काळ, की लगेच माणसं फिरतात. दुष्काळाने माणूस घाबरतो हे खरं, पण घाबरणं आणि कठोर होणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर पावलापावलाने दाखवणं हेच या कादंबरीचं काम.

आधी गावाचा हिशेब मांडा. कथेत तो सगळा येणार नाही, पण तुमच्या वहीत हवा. समजा 80 घरं आणि 400 माणसं आहेत. जलजीवन मिशनने ग्रामीण घरांसाठी दिवसाला माणशी 55 लिटर पाणी हे प्रमाण धरलं आहे, तेच घ्या. गावाला रोज 22,000 लिटर लागतात. बारव एरवी 30,000 लिटर देते, म्हणजे आणखी 145 माणसं सहज मावतात. वैशाखात ती 24,000 वर येते. फाल्गुनात 60 माणसं आलेली आहेत. आता गरज 25,300 लिटरची, आणि तूट 1,300 लिटरची.

सभेत "रोज तेराशे लिटरची तूट" असं कोणी म्हटलं की अंगावर काटा येतो. पण 24,000 ला 460 ने भागा. माणशी 52 लिटर येतात. प्रत्येकाच्या वाट्याचं पाणी तीन लिटरनेसुद्धा कमी होत नाही, दोन-तीन तांब्यांचा प्रश्न आहे. गाव दार लावणार ते एवढ्यासाठी. हा भागाकार तुमच्या तेरा वर्षांच्या नायिकेला तिच्या वहीत करू द्या, आणि सभेत तो कोणीच मोठ्याने करत नाही हे वाचकाच्या लक्षात येऊ द्या. इंदूरच्या मुलांना पाण्याचं मोल वेगळं शिकवावं लागत नाही. 1978 पासून हे शहर सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी पितं आहे.

दुसरं काम उताराच्या पायऱ्या ठरवण्याचं. प्रत्येक पायरी त्या दिवशी शहाणपणाची वाटली पाहिजे. वेशीवर येणाऱ्याला गूळ-पाणी देण्याची पाळी घराघराने असते, ती एका घराकडून चुकते, आणि कोणी बोलत नाही, कारण त्या घरी आजारपण असतं. पुढे येणाऱ्यांच्या नोंदवहीत नाव आणि गाव यांच्याशेजारी "काय येतं?" असा रकाना वाढतो, कारण गावाला खरोखरच सुतार हवा असतो. दोन प्रकरणांनी त्याच रकान्यावरून रांग लागते: सुतार आधी, म्हातारी मागे. मग ज्यांचा रकाना कोरा आहे त्यांनी वेशीबाहेरच्या पडवीत थांबायचं. कुंपणाच्या ठरावावर मतदान त्यानंतर. दोन पायऱ्यांमध्ये निदान दोन प्रकरणं जाऊ द्या आणि प्रत्येक पायरी वाचकाला आवडणाऱ्या माणसाच्या तोंडून सुचवा. "काय येतं?" हा रकाना नायिकेनेच आखावा, तिचं अक्षर चांगलं म्हणून. ती नुसती बघणारी राहिली तर वाचक तिच्या पाठीमागे सुरक्षित उभा राहतो, आणि कादंबरीचा अर्धा जोर जातो.

एक गोष्ट फार थोडे लेखक दाखवतात. बाहेरच्यांशी कठोर होणारं गाव आपसांत जास्तच मायाळू होतं. बारशी थाटात होतात, आजाऱ्याकडे चार घरांतून डबे जातात, सभेनंतर सगळे मिळून जेवतात. आतल्या मुलाला ते ऊबदार वाटतं, म्हणून त्याला धोका दिसत नाही. ही ऊब रंगवायला अजिबात कंजुषी करू नका.

दुरुस्ती करताना नववं प्रकरण तसंच ठेवा. मागे जाऊन दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या प्रकरणात एकेक पायरी घाला, प्रत्येकी दीड-दोन पानांत.

प्रश्न: मी दहावीत आहे. माझ्या गोष्टीत पहिली चार प्रकरणं सगळं छान असतं आणि मलाच वाचताना झोप येते. गाव छानही दाखवायचं आणि कंटाळाही येऊ द्यायचा नाही, हे कसं जमवू? (लोकमान्यनगर)

उत्तर: चांगुलपणा दृश्य म्हणून दाखवलास तर कंटाळा येईल, काम म्हणून दाखव. करुणेची परीक्षा गोड माणसापाशी होत नाही. दुसऱ्या प्रकरणात एक त्रासदायक माणूस आण: रात्रभर खोकणारा, किंवा दुसऱ्यांच्या अंगणातली अंडी उचलणारा. गाव त्याला कसं सांभाळतं, कोण चिडतं, कोण त्याची बाजू घेतं, त्यात भांडण आहे आणि हसूही आहे. चौदाव्या प्रकरणात गाव पहिल्यांदा ज्याला बाहेर काढेल तो हाच माणूस असू दे. बाहेरच्यांसाठी घडवलेला नियम आतल्यावर उलटतो तेव्हा वाचक हादरतो.

शिवाय पायाभरणीतच एक बारीक भेग ठेव. टॉमस मोरने 1516 मध्ये "युटोपिया" हे नाव जगाला दिलं. त्याच्या बेटावर 54 नगरं आहेत, दिवसाला सहाच तास काम आहे, आणि तरीही तिथे गुलाम आहेत. ते बेटसुद्धा मुळात बेट नव्हतं, राजाने जमीन खोदून ते मुख्य भूमीपासून तोडलं. आता आपलं पसायदान आठव. तिथे खळ नाहीसे व्हावेत असं मागणं नाही, खळांची व्यंकटी, म्हणजे दुष्टांचा वाकडेपणा, सांडावी असं आहे. तुझ्या गावाच्या पहिल्या नियमात हा फरक असू दे. आरंभी "वाईटपणा जावो" असं ठरलेलं गाव पुढे "वाईट लोक जावोत" म्हणू लागतं. शब्द एकच बदलतो, तो कोणत्या पानावर बदलला ते तुला माहीत हवं.

प्रश्न: खलनायक हवाच का? (रामबाग)

उत्तर: नको. खलनायक आला की गाव सुटतं, सगळं पाप त्याच्या माथी बसतं. त्याऐवजी मतदानाचा तक्ता करा. 400 पैकी 240 प्रौढ, ठरावाला दोन तृतीयांश म्हणजे 160 मतं हवीत. पहिल्या सभेत 112 पडतात, दुसऱ्या सभेत 163. मधल्या काळात 51 जणांचं मन फिरलं. त्यांतल्या पाच जणांना नाव, घर आणि कारण द्या. कोणाला लेकराच्या तापाची धास्ती, कोणाला शेजाऱ्याला दुखवायचं नाही, कोणी नुसता दमला आहे. पाचांतला एक नायिकेचा बाबा असावा.

प्रश्न: अशा गोष्टीला आपल्या भागातला खरा आधार मिळेल का? नकाशा कसा आखावा? (राजेंद्रनगर)

उत्तर: इंदूरकरांना आधार घरबसल्या आहे. अरण्य ही वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी आखलेली वसाहत पाहून या. सुमारे 60,000 लोकांसाठी योजलेली, सर्वांत लहान भूखंड 35 चौरस मीटरचा, आणि लोकांनी आपापलं घर कसं वाढवावं हे कळावं म्हणून 80 नमुना घरं बांधलेली. 1995 मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. तिथले ओटे बघा. ओटा घराचाही असतो आणि रस्त्याचाही, वाटसरू न विचारता टेकू शकतो. तुमच्या गावात ओट्यांना आधी कठडा येतो, मग फाटक, आणि वेशीचं कुंपण अगदी शेवटी. नकाशा आखताना वेस, बारव, कोठार, सभेची जागा आणि पडवी या पाच जागांमधलं अंतर पावलांत लिहून ठेवा. वेशीपासून बारव 300 पावलं असेल तर ती तिसऱ्या प्रकरणात आणि अठराव्या प्रकरणातही 300 पावलंच राहिली पाहिजे. मुलं हे तपासतात.

आणखी एक जोडी कामाची आहे. 1897 मध्ये पुण्यात प्लेग हटवण्यासाठी सैनिक घराघरांत घुसले, आणि त्या संतापात त्याच वर्षी 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. वीस वर्षांनी प्लेगचंच भय इंदूरवर असताना नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इथे आले. त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीलाच स्वच्छतेचं रूप दिलं: तीत प्लेगच्या उंदराची प्रतिकृती होती, आणि ज्या वस्तीने घरं सर्वाधिक झाडूनपुसून नीट केली तिच्या रस्त्याने मिरवणूक न्यायची असं ठरलं. 1918 मध्ये त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत निघाला. हेतू दोन्हीकडे रोग हटवण्याचा, पण पुण्यात लोकांवर संशय घेतला गेला आणि इंदुरात लोकांना सोबत घेतलं गेलं. तुमच्या गावातली साथ पाचव्या प्रकरणात गेडिसच्या वाटेने आणि पंधराव्यात रँडच्या वाटेने हाताळली गेली, तर गाव किती बदललं हे निवेदकाला एका शब्दाने सांगावं लागणार नाही.

प्रश्न: पात्रांनी प्रमाण मराठी बोलावं की आपली इंदुरी? आमच्या घरी मुलं "चाबी", "जल्दी", "मी येऊन राहिलो" असंच बोलतात. (स्नेहलतागंज)

उत्तर: निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि संवादांत इंदुरी येऊ द्या. असे आठ-दहा शब्द निवडा, तेच सातत्याने वापरा, तळटीप देऊ नका. मात्र बाहेरून आलेल्यांचीच बोली विचित्र आणि गावकऱ्यांची शुद्ध असं कधीही करू नका. मग लेखकानेच कुंपण घातल्यासारखं होतं.

खरा खजिना मराठीच्या सर्वनामांत आहे. आपल्याकडे "आपण" आणि "आम्ही" वेगळे आहेत. हिंदीतल्या "हम"मध्ये हा भेद दिसत नाही, म्हणून इंदूरच्या दुभाषी मुलांना तो चटकन जाणवतो. आठव्या प्रकरणापर्यंत गावकरी नव्यांशी बोलताना "आपण उद्या बारव उपसू" म्हणतात. नंतर "आम्ही बारव उपसतो, तुम्ही थांबा". त्याच ओघात "या, बसा"चं "काय काम आहे?" होतं, आणि साठीच्या म्हाताऱ्याला "अहो"ऐवजी "अरे" येतं. उल्लेखही घसरत जाऊ द्या: आधी "पाहुणे", मग "नवे", मग "बाहेरचे", शेवटी नुसतं "ते". हस्तलिखिताच्या कडेला प्रत्येक प्रकरणासमोर त्या वेळचा शब्द लिहून ठेवा. चौथ्या प्रकरणात चुकून "बाहेरचे" आलं तर पुढचा उतार सपाट होतो.

प्रश्न: शेवट कसा करावा? गाव सुधारावं की नाही? आणि पुस्तक किती पानांचं असावं? (सुदामानगर)

उत्तर: 163 मतं एका भाषणाने फिरवू नका. नायिकेच्या भाषणावर गाव रडतं आणि फाटक उघडतं, हा शेवट मुलांना सर्वांत खोटा वाटतो. गाव थंडपणे संपलं असंही करू नका. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला करण्याजोगं काहीतरी दिसायला हवं. मधली वाट अशी: एक घर आपल्या वाट्याचे तांबे वेशीबाहेर नेऊ लागतं, मग दुसरं. त्याची किंमत त्यांना मोजावी लागते, सभेच्या जेवणाला त्यांना बोलावणं येत नाही. ठराव तसाच राहतो, आणि फाटक राखणारा एका रात्री कडी लावत नाही. जादू वापरली असेल तर तिने पाणी वाढवू नका. पाणी वाढलं की तुमचा सगळा हिशेब वाया गेला.

लांबी 24 प्रकरणं, प्रत्येकी सुमारे 1,800 शब्द, म्हणजे 43,000 च्या आसपास. डेमी आकारात पानाला साधारण 280 शब्द बसतात, म्हणून मजकूर 154 पानं. छपाई 16 पानांच्या फॉर्मांत होते. सुरुवातीची सहा पानं धरून 160 झाली की दहा फॉर्म नेमके भरतात. 163 पानं झाली तर अकराव्या फॉर्मचा खर्च अंगावर येतो, तेव्हा तीन पानं कापा. टंकन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, ती ओळीओळीने तपासावी लागतात.

छापण्याआधी पहिली तीन प्रकरणं आणि मतदानाचं प्रकरण 12 ते 15 वयाच्या सहा मुलांना कागदावर द्या. "आवडलं का?" विचारू नका, ती मोठ्यांचं मन राखतात. पेन्सिल द्या आणि कंटाळा आला तिथे रेघ मारायला सांगा. मतदानाच्या प्रकरणानंतर एकच विचारा: "तू कुठे हात वर केला असतास?" सहाही मुलं कुंपणाविरुद्ध गेली तर कुंपणवाल्यांची बाजू लंगडी लिहिली गेली आहे. त्या पाच जणांच्या कारणांकडे परत जा.