दोन एकर विकायच्या आधी हे वाच भावा

लातूरच्या एका भावाने विचारलंय की बीपीटीएच (फिजिओथेरपीची डिग्री) झालंय, खाजगी दवाखान्यात लकव्याचे पेशंट बघतोय, आता बाहेर जाऊन स्ट्रोक रिहॅबमध्ये, म्हणजे लकव्यानंतर पेशंटला परत हालतं-चालतं करण्यावर, रिसर्च करायचाय, तर नेदरलँड बरं का अमेरिका, रिसर्च करत करत तिथं पेशंट बघून चार पैसे सुटतील का, आणि मास्टर्सच्या फीसाठी वडील औसा रोडची दोन एकर काढायला तयार आहेत, काढावी का. बायको पण फिजिओ आहे म्हणतोय.

मी अंबाजोगाईचा, फिजिओच, सध्या नेदरलँडमध्ये स्ट्रोकनंतर हाताच्या हालचालीवर काम करायलोय. शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, जमीन विकू नको. का ते खाली लिहितो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे पेशंट बघणं आणि रिसर्च करणं हे इकडं दोन वेगळे रस्ते आहेत आणि आपल्याकडची पोरं इथंच गंडतात. नेदरलँडमध्ये फिजिओ म्हणून पेशंटला हात लावायचा तर बिग-रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी नोंदणीत, नाव लागतं, त्यासाठी आपली डिग्री तपासून घ्यावी लागते आणि डच भाषा चांगली यावी लागते, पेशंट काय बोलतोय तेच कळालं नाही तर काय करणार. अमेरिकेत डिग्रीचं मूल्यमापन आणि वर एनपीटीई ही फिजिओच्या लायसन्सची परीक्षा. पीएचडीला यातलं काहीच लागत नाही, पण म्हणूनच पीएचडी करताना तुला ट्रीटमेंट करता येत नाही. संध्याकाळी एखादं क्लिनिक बघू हा विचार डोक्यातून काढ. आणि अमेरिकेचं डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) म्हणजे पेशंट बघायची क्लिनिकल डिग्री, नावात डॉक्टर आहे म्हणून ते रिसर्चचं समजू नको, फी पण जबर असते.

आता काम नेमकं काय असतं ते सांगतो कारण 'स्ट्रोक रिहॅबमध्ये रिसर्च' म्हटलं की डोळ्यासमोर पेशंटला चालवतोय असंच येतं. समज एक पेशंट टेबलाला बसलाय, हातात रोबोटचा दांडा, समोर स्क्रीनवर ठिपका, ठिपक्यापर्यंत हात न्यायचा एवढंच काम. मधेच रोबोट हाताला बाजूला ढकलायला लागतो, जितका हात वेगात तितका धक्का जास्त. सुरुवातीला रेघ वाकडी जाते, करत करत सरळ येते. मग न सांगता धक्का बंद करायचा, की हात उलट्या बाजूला वाकडा जातो! म्हणजे धक्का बसायच्या आधीच मेंदूने त्याचा अंदाज धरून ठेवला होता. अमेरिकेतल्या एमआयटीत शादमेहर आणि मुसा-इवाल्दी या शास्त्रज्ञांनी 1994 मध्ये हे दाखवलं आणि तेव्हापासून अर्धी फील्ड याच्या भोवती फिरतीय. तिकडंच बाल्टिमोर शहरात हाच विचार चालण्यात आणला, दोन पट्ट्यांची ट्रेडमिल, एक पाय जोरात एक हळू, स्ट्रोकच्या पेशंटची पावलं ज्या बाजूला असमान पडतात ती चूक मुद्दाम वाढवायची, मग पट्टे सारखे केले की थोडा वेळ पावलं सारखी पडतात. थोडाच वेळ, खाली जमिनीवर उतरला की ते ओसरतं. ते टिकवायचं कसं हा प्रश्न आहे आणि त्यावर लोकांची आयुष्यं चाललीत.

हे वाचायला लई भारी वाटतं, पण रोजचं काम म्हणजे दंडावरचे केस काढ, स्पिरिटने पुस, ईएमजीचे (स्नायूचा विजेचा सिग्नल मोजायचे) इलेक्ट्रोड चिकटव, पेशंटला घाम आला की ते निघतात, परत चिकटव, आणि शेवटी कळतं की बायसेप्सच्या चॅनेलमध्ये शेजारच्याच स्नायूचा सिग्नल आलाय. पेशंटसोबत एक सकाळ, मग कितीतरी आठवडे निस्तं कॉम्प्युटरपुढं, सिग्नल फिल्टर कर, कोड लिही, कोड चुकला, परत लिही. ज्याला पेशंटशी बोलल्याशिवाय करमत नाही त्याला हे झेपत नाही, चांगले चांगले फिजिओ वर्षभरात कंटाळून गेलेले बघितलेत. तुझा हात पेशंटवर चांगला चालतो म्हणून रिसर्च जमेलच असं नाही, धंदाच वेगळा आहे हा.

आणि गणित. लातूर पॅटर्नमध्ये पाठांतर करून आलेल्या आपल्यासारख्यांना इथं फेस येतो, खोटं कशाला बोलू. एक उदाहरण देतो. 2008 च्या सुमाराला एक नियम गाजला की स्ट्रोकनंतर हाताचं जेवढं गेलं त्याच्या साधारण 70 टक्के बहुतेकांना परत मिळतं, फुगल-मायर स्कोअरवर मोजून, तोच आपला हाताच्या हालचालीला 66 पैकी मार्क द्यायचा. सगळ्यांनी उचलून धरला. मग 2019 मध्ये संख्याशास्त्र कळणाऱ्यांनी दाखवलं की सुरुवातीचा आकडा आणि 'शेवटचा वजा सुरुवातीचा' यांची तुलना केली की संबंध आपोआपच तगडा दिसतो, कारण सुरुवातीचा आकडा दोन्हीकडं आहे. वर स्कोअर 66 च्या पुढं जाऊच शकत नाही, त्याचा गोंधळ वेगळाच. नियम पूर्णच खोटा असं नाही पण त्यातला बराच जोर गणिताचा होता, मेंदूचा नव्हता. एवढे मोठमोठे लोक जिथं फसले तिथं आपण स्टॅट्स न शिकता जाणं म्हणजे अवघडच. म्हणून पुढचं वर्षभर पायथन नाहीतर मॅटलॅबमध्ये कोड लिहिणं, आणि स्टॅट्स, रोज रात्री तासभर तरी. फुकट शिकता येतं.

आता तुझ्याकडं जे आहे ते बघ, कारण तू ते मोजतच नाहीयेस. 2009 च्या एका अभ्यासात थेरपीची 312 सेशन शेजारी बसून मोजली, तर हाताने काहीतरी काम करायची हालचाल एका सेशनला सरासरी 32 वेळा निघाली. प्राण्यांवरच्या प्रयोगात मेंदूत बदल दिसतो तो शेकड्यांत हालचाली करून घेतल्यावर. तुझ्या दवाखान्यात किती होतात? कधी मोजलंय? मोज ना, वही आणि पेन पुरतो. दुसरं, 2011 मध्ये 408 पेशंटचा मोठा ट्रायल आला, एकीकडं दोरीला टांगून ट्रेडमिलवर चालवायचं महागडं ट्रेनिंग, दुसरीकडं फिजिओने घरी जाऊन करून घेतलेला व्यायाम, वर्षभराने चालण्यात दोन्हीकडं सारखीच सुधारणा. म्हणजे मशीन नाही म्हणून रडायचं कारण नाही. पण घरचा व्यायाम म्हणजे लगेच सोपं उत्तर असंही नाही, आपल्याच देशात 14 हॉस्पिटलांत 1250 पेशंटवर घरच्यांना शिकवून रिहॅब करायचा ट्रायल झाला, 2017 ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला, सहा महिन्यांनी काही फरक दिसला नाही. का दिसला नाही? सून स्वयंपाक, शेत, लेकरं सांभाळून सासऱ्याचा हात किती वेळा हलवणार हे तू रोज बघतोस, इथल्या प्रोफेसरनं ते बघितलेलं नाही.

आणखी एक. इथल्या लॅबमध्ये चालणं म्हणजे सपाट पट्ट्यावर चालणं. आपला पेशंट काळ्या रानात ढेकळातून चालतो, त्याला मांडी घालून जेवायचंय, उकिडवं बसायचंय, पंगतीतून कुणाचा हात न धरता उठायचंय. बर्नस्टाइन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या फिल्म काढून दाखवलं होतं की तरबेज माणसाचा खांदा-कोपर दरवेळी वेगळं हलतं, पण हातोडा नेमका बसतो. लकवा मारलेला शेतकरी उकिडवं बसताना खुबा, गुडघा, घोटा कसे जुळवून घेतो हा तसलाच प्रश्न आहे आणि तुझ्या पेशंटला हेच रोज लागतं. ईमेलमध्ये हे लिही. 'आय ॲम व्हेरी पॅशनेट अबाउट न्यूरो रिहॅब' असले मेल प्रोफेसरला ढिगानं येतात आणि तसेच पडून राहतात. तू त्याचा एक पेपर नीट वाच, त्यातलं कुठलं माप तुझ्या पेशंटवर चालणार नाही आणि का, ते पाच ओळीत लिही, शून्य बढाया.

आता पैसे आणि देश. नेदरलँडमध्ये पीएचडी म्हणजे नोकरी असते, बहुतेक चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, सुरुवातीला महिन्याला साधारण 3000 युरो कापाकापीच्या आधी, वर 8 टक्के हॉलिडे अलाउन्स. फी नाही. जागा ॲकॅडमिकट्रान्सफर या वेबसाइटवर जाहिरातीनं निघतात, नोकरीसारखा अर्ज, इंटरव्ह्यू. अमेरिकेत स्टायपेंड मिळतो, फी माफ होते, वर्षं जास्त लागतात. तुझ्या घरी बायको फिजिओ आहे ना, मग हे नीट ऐक, अमेरिकेत तू एफ-1 या स्टुडंट व्हिसावर गेलास तर ती एफ-2 या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि एफ-2 वर काम करता येत नाही, एवढं शिकलेली बाई घरात बसून राहणार. इथं रिसर्चरच्या जोडीदाराला काम करता येतं, फिजिओ म्हणून लगेच नाही पण दुसरं काहीतरी. हा निर्णय तिला विचारून घे, निस्तं सांगून नाही.

अडचण अशी की इथं पीएचडीला मास्टर्स लागतं, आणि मास्टर्स इथं करायचं तर युरोपबाहेरच्यांना फीच भरमसाठ, राहणं-खाणं वेगळं. त्यासाठीच तू दोन एकर विकणार होतास. त्यापेक्षा एमपीटीएच (फिजिओचं मास्टर्स) न्यूरोमध्ये तिकडं भारतातच कर, आणि जमलं तर डिझर्टेशनसाठी किंवा नंतर प्रोजेक्टवर वेल्लोरला सीएमसी मेडिकल कॉलेजच्या बायोइंजिनिअरिंगला नाहीतर आयआयटी मद्रासच्या आर-टू-डी-टू या रिहॅब रिसर्च सेंटरमध्ये शिरायचा प्रयत्न कर, तिथं रिहॅबची यंत्रं खरोखर बनतात आणि पेशंटवर वापरतात. तिथं वर्ष-दोन वर्षं इंजिनिअर लोकांत बसलास की तुलाच कळेल हे काम आवडतंय का नाही, आणि नाही आवडलं तर रान तरी जागेवर राहील. सोयाबीनच्या भावाचं रडगाणं मला पण माहीत आहे, वडील वैतागून काढायला निघाले असतील, तो विषय वेगळा. तुझ्या फीचं निमित्त त्याला लावू देऊ नको.

कन्सल्टन्सीवाल्याकडं जाऊ नको. माझ्या ओळखीच्या एकाला एका कन्सल्टन्सीनं 'रिहॅब'च्या नावाखाली हेल्थ मॅनेजमेंटच्या कोर्सला बसवलं, पैसे गेले ते गेलेच. युनिव्हर्सिटीच्या साइटवर तूच बघ, कोर्समधले विषय वाच, बायोमेकॅनिक्स, मोटर कंट्रोल, सिग्नल ॲनालिसिस नसेल तर ते आपलं नाही.

आणि ऑफर आलीच तर पहिल्या दिवसापासून घर शोधायला लाग, पगारापेक्षा घर अवघड आहे इथं. युनिव्हर्सिटीच्या एचआरला आधी विचार, सुरुवातीची खोली ते देतात का. आणि कितीही गोड बोलला तरी घर स्वतः किंवा व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय कुणाला डिपॉझिट पाठवू नको, आणि पत्त्यावर रजिस्ट्रेशन होतं का ते लिहून घे, त्याशिवाय बीएसएन, म्हणजे इथला सरकारी ओळख नंबर, मिळायला लटकतं आणि बीएसएन नसला की पगाराचं पण अडतं. एमपीटीएचचं काय ठरतंय ते कळव, सीव्ही पाठवलास तर बघून सांगतो.